उल एर गुल: लोकर म्हणजे सोनं

नॉर्वेत बालवाडीला 'बार्नेहागे' म्हणतात. प्रवेश मिळाला की पालकांच्या हाती कपड्यांची यादी येते: लोकरीचे आतले कपडे, लोकरीचे मोजे, कानटोपी, हातमोजे, पावसाचा जाड सूट आणि बदलायला आणखी एक जोड. पाऊस असो की बर्फ, मुलं रोज बाहेर खेळणारच. तान्ही बाळंसुद्धा दुपारी बाबागाडीत बाहेर झोपतात. मी शाळेत शिकवत होते तेव्हा पाऊस आला की मुलांना आधी वर्गात घ्यायचो. इथल्या बाई पाऊस आला की मुलांच्या पायांत बूट चढवतात!

व्हिडिओ कॉलवर सासूबाईंचा दरवर्षीचा प्रश्न असतो, "अगं, एवढ्या गारठ्यात लेकरू बाहेर? आजारी पडेल ना!" त्यांची काळजी रास्त आहे. सुती बनियन घामानं भिजलं की अंगाला चिकटतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर आपल्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. तिच्या कुरळ्या धाग्यांत हवा अडकून राहते आणि तीच ऊब धरते.

हे आपल्याला नवं नाही. धनगराची घोंगडी आठवा. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली. तिची खोळ डोक्यावर घेऊन मेंढपाळ भर पावसात माळावर उभा असतो. ती टोचते, कारण धागा जाड. मेरिनो मेंढीचा धागा बारीक, म्हणून तान्ह्याच्या अंगालाही चालतो.

इथे कपड्यांचे थर तीन. अंगालगत पातळ मेरिनो, त्यावर जाड लोकरीचा स्वेटर, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. आतला थर अंगाबरोबर हवा, ढगळ नको. मोजे मात्र बुटात कोंबू नका. बोटं हलली नाहीत तर पाय गारच राहतात.

किंमत पाहून डोळे पांढरे होतात, हे खरं. आमचं घर एका पगारावर चालतं. पण लेकीचे मेरिनोचे जोड आता धाकटा घालतो, आणि त्यातला एक शेजारणीकडून आलेला आहे. वापरलेले कपडे घेण्यात इथे कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडेही बाळाचं पहिलं झबलं जुन्या मऊ कपड्याचंच असायचं की!

कपडा टिकवणं मात्र आपल्या हाती. लोकर रोज धुऊ नका. रात्रभर हवेशीर टांगा, वास जातो. धुताना 30 अंशांचं पाणी आणि लोकरीचा साबण वापरा, कारण साध्या पावडरीतली काही एन्झाइम्स धागाच खातात. पिळू नका, आडवं पसरून वाळवा. गरम पाण्यात घुसळलात तर बाबांचा स्वेटर बाहुलीला होईल! भोक पडलं तर लगेच रफू करा. उन्हाळ्यात धुऊनच कपाटात ठेवा; मळक्या लोकरीला कसर लवकर लागते.

आणि भारतातल्या आजी-आजोबांनो, हिवाळ्यात येणार असाल तर बॅगेत चार स्वेटर कोंबू नका. अंगालगतचे दोन पातळ लोकरी जोड पुरेत. जाकिटं आमच्याकडे आहेत. मग आपण सगळे मिळून बाहेर पडू. नातवंडांना तुम्हाला बर्फ दाखवायचाय.