लव्हाळा गवत नव्हे

मिरजेच्या आसपास कृष्णाकाठच्या उसात भांगलण चालू असते, तेव्हा हरळी, कुंदा, लव्हाळा ही सगळी गवतंच मानली जातात. खुरप्याला ते चालतं. पण पाठीवर तणनाशकाचा पंप आला की हा हिशेब चुकतो, कारण लव्हाळा गवत नाहीच. गवत आहे तो ऊस, आणि हरळी त्याच्याच कुळातली. म्हणून गवत मारणारं औषध उसालाही पोळतं. लव्हाळ्याचं कुळ निराळं असल्यामुळे हॅलोसल्फ्युरॉन मिथाइलसारखं औषध उसाला धक्का न लावता नेमकं त्याच्यावर चालतं. कुळ ओळखण्याला असं रोख मोल आहे.

त्यासाठी फूल तपासत बसावं लागत नाही. फुलोऱ्याचा दांडा चिमटीत फिरवला की लव्हाळ्याच्या तीन कडा बोटांना जाणवतात. दांडा भरीव, मध्ये एकही पेर नाही. पानं तीन ओळींत, आणि त्यांचा बुडखा दांड्याभोवती बंद नळीसारखा. गवताची पानं दोनच ओळींत, काडीला ठळक पेरं, बुडखा बहुधा एका बाजूने उकललेला. गवताची काडी पोकळ असते असं शिकवतात खरं, पण भरीव ऊस त्याला अपवाद! तीन कडांचा नियमही सगळीकडे चालत नाही. पाणथळीतल्या एलिओकॅरिसचा दांडा गोल असतो, तरी कुळ लव्हाळ्याचंच. म्हणून खुणा बाद होत नाहीत. एकाच खुणेवर निकाल देणं तेवढं बाद होतं.

फोटोवरून नाव सांगणारी अ‍ॅप्स असताना एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप वाजवी आहे. रुंद पानांच्या, फुललेल्या झाडाला ती उपयोगीही पडतात. पण उभ्याने वरून काढलेल्या फोटोत हिरवी पातीच दिसतात. दांड्याचा छेद, पानाचा बुडखा आणि मातीखालचा भाग त्यात येतच नाही. आणि इथे निकाल लागतो तो मातीखाली. लव्हाळ्याच्याच कुळातल्या सायपरस इरियाचा दांडाही तीनकडी, पण तो वर्षायू. मुळं केसाळ, तुरा पिवळसर. लव्हाळ्याचा तुरा तांबूस, आणि खाली धाग्यांनी जोडलेल्या गाठींची माळ. इरिया बी धरण्याआधी उपटला की संपला. लव्हाळ्याची वरची पाती ओढली, तर गाठी मातीतच राहतात आणि नव्याने फुटतात.