चिखलातली फळी, लाटेवरची फळी

शहापूर-मुरबाडकडे आवणीआधी भातखाचरात चिखलणी चालते, तेव्हा बैलांमागची फळी नीट बघा. वजन पडावं म्हणून शेतकरीदादा तिच्यावर उभे राहतात. पुढे झुकले की फळीची कड चिखलात रुतते. थोडं मागे रेलले की ती उचलते आणि सरसर घसरते!

समुद्राच्या लाटेवर स्वार होण्याच्या सर्फबोर्डचंही असंच. फक्त तिथे बैल नसतात. बोर्ड लाटेच्या उतारावरून घसरतो. लाट उभी असली, की बोर्डचं नाक पाण्यात घुसून स्वार कोलमडण्याची भीती जास्त. म्हणून अशा लाटांसाठी नाक जास्त वर वळवलेलं असतं. बोर्डही आखूड, निमुळता. म्हणजे तो झटकन वळतो. छोट्या, संथ लाटेत जोर कमी. तिथे ९ फुटांहून लांब, रुंद आणि सपाट बोर्ड हवा. तो छान तरंगतो, लवकर वेग घेतो; पण वळायला जड!

शेपटाखाली असतो माशासारखा पर. १९३५ साली अमेरिकेच्या टॉम ब्लेकने तो बसवला आणि बोर्डचं आडवं घसरणं कमी झालं.

आता प्रयोग करा. थर्माकोलचे दोन सारखे तुकडे घ्या. एकाचं पुढचं टोक मोठ्यांकडून खालून तिरकं तासून घ्या. दोन्हींच्या पुढच्या टोकांवर खडा ठेवून टबातल्या पाण्यात मागून ढकला. कुणाचं नाक आधी बुडतं?

पण प्रयोग टबातच हं! फळी घेऊन भातसा धरणात किंवा काळू नदीच्या पुरात मुळीच उतरायचं नाही. कबूल?