विश्लेषण : पोपटीतल्या वालाचे प्रथिन अंगी लागते कसे?

भातकापणीनंतर पेण, रोह्याच्या शेतांत जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाल येतो. थंडीत शेंगा भरल्या की बांधाबांधावर पोपटी लागते. सुक्या वालात १०० ग्रॅममागे साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. मात्र दाणा कच्चा राहिला तर ती सगळी शरीराला मिळत नाहीत, कारण वाल स्वतःच आपल्या पचनाच्या आड येतो.

प्रथिने पचतात कशी?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती अख्खी रक्तात जात नाही, आधी तुटावी लागते. हे काम विकरांचे, म्हणजे एन्झाइमचे. जठरातल्या आम्लामुळे माळेची घडी उलगडते आणि पेप्सिन तिचे मोठे तुकडे करते. हे पेप्सिन थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये शोधले. खरी बारीक कापणी होते ती लहान आतड्यात. तिथे स्वादुपिंडातून ट्रिप्सिन येते. हे विकर मोठे चोखंदळ. लायसिन आणि आर्जिनिन या दोनच अमिनो आम्लांपाशी ते माळ कापते, बाकीचे सांधे इतर विकरांवर सोडते. शेवटी सुटी अमिनो आम्ले आणि दोन-तीन मण्यांचे तुकडे आतड्याच्या अस्तरात शोषले जातात.

एवढी धारदार विकरे स्वादुपिंडालाच का पचवत नाहीत? कारण ती तिथे निष्क्रिय रूपात तयार होतात आणि आतड्यात पोहोचल्यावरच जागी होतात. चुकून आधीच जागी झाली तर स्वादुपिंडाला सूज येते आणि हा आजार जिवावरही बेतू शकतो.

मग वाल आडवा कुठे येतो?

वालाच्या दाण्यात ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिने असतात. कुलपात मोडकी किल्ली अडकावी तशी ती ट्रिप्सिनच्या खाचेत घट्ट बसतात आणि कापणी थांबते. किडींपासून बचावासाठी वनस्पतीने केलेली ही सोय. सोयाबीनमध्येही असेच रोधक आहेत. कच्चे सोयाबीन खाऊ घातलेल्या उंदरांची वाढ खुंटते आणि स्वादुपिंड मोठे होते, असे प्रयोगांत दिसले आहे.

उपाय आपल्या चुलीवरच आहे. ओल्या उष्णतेने या रोधकांची घडी मोडते. कोरडी भाजणी तितकी कामी येत नाही. पोपटीत पाणी घालत नाहीत हे खरे, पण ओल्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला यांचीच वाफ मडक्यात कोंडते. म्हणून बाहेरून करपलेली शेंग म्हणजे शिजलेली शेंग नव्हे. मडक्याच्या मधल्या शेंगेतला दाणा बोटांनी सहज चेपला गेला पाहिजे. बिरड्यासाठी वाल भिजवून मोड आणतात, तेव्हा तर दाण्यातली विकरेच कोंबासाठी साठवलेली प्रथिने तोडू लागतात. तरी पुढे शिजवणे आलेच.

वाल खाऊन पोट फुगले की दोष प्रथिनांना दिला जातो. तो अन्यायच. गॅसचे मुख्य कारण म्हणजे रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा. त्या तोडणारे विकर माणसाच्या आतड्यात नसल्याने मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात. पोपटीत ओवा घालतात तो या वायूवर उतारा म्हणून, प्रथिनांच्या पचनाशी त्याचा संबंध नाही. सुके वाल भिजवलेले पाणी टाकून दिले, तर या शर्कराही काही प्रमाणात त्याबरोबर निघून जातात.