हळद्याचं घरटं आणि रायपूरचा मे महिना

पक्षी अंड्यांवर बसतो तो त्यांना ऊब द्यायला, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. रायपूरच्या मे महिन्यात ते अर्धंच खरं असतं. अंड्यातला जीव वाढायला साधारण ३७-३८ अंश सेल्सियस तापमान लागतं. ते बराच वेळ चाळिशीच्या वर राहिलं, तर आतला जीव तग धरत नाही. आणि इथे मे महिन्याच्या दुपारी सावलीतच पारा ४२, ४३, कधी ४४ वर जातो. अशा दुपारी हळद्या घरट्यात बसलेला असतो तो अंडी तापू नयेत म्हणून. चोच उघडी, घसा थरथरतोय, अंगाची सावली धरलेली, आणि त्या सावलीत दोन किंवा तीन ठिपकेदार अंडी. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हापासून हळद्याचं घरटं बघण्याची माझी रीतच बदलून गेली.

रायपुरात हळद्या दोन प्रकारचे दिसतात. एक काळ्या डोक्याचा. हा बारमाही, गावातल्या जुन्या वाड्यांच्या परसातही येणारा. डोकं आणि गळा काळाभोर, चोच गुलाबी, डोळा लाल. दुसरा सोनेरी हळद्या. याचं डोकं पिवळंच असतं, फक्त डोळ्यातून काजळाची रेघ ओढावी तसा काळा पट्टा जातो. हा दुसरा आपल्या दख्खनशी चांगला जोडलेला आहे. मुंबई इलाख्यात काम केलेले लष्करी अधिकारी विल्यम साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, तिच्यात त्यांनी याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे बराच काळ तो युरोपातल्या सोनेरी हळद्याची पोटजात मानला गेला. २००५ साली पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांनी दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरच्या ग्रंथात त्याला पुन्हा स्वतंत्र जात मानलं. ओळखीची मोठी खूण तीच: भारतीय हळद्याचा काळा पट्टा डोळ्याच्या मागेही जातो.

एप्रिल लागला की बासरीसारखा तो तीन सुरांचा आवाज वाढतो. पण एवढा झगझगीत पिवळा पक्षी आंब्यात शिरला की दिसेनासा होतो, याचं नवल मला अजून सरलेलं नाही. भर उन्हात पानांतून झिरपणारा उजेड हिरवट-पिवळा असतो, मधूनमधून उन्हाचे लखलखीत कवडसे. त्या पसाऱ्यात हळद्या हा आणखी एक कवडसा होऊन जातो. त्याचा पिवळा रंग येतो कुठून, हे तर त्याहून अद्भुत आहे. हा रंग पक्ष्याला स्वतःच्या शरीरात मुळापासून बनवता येत नाही, तो खाण्यातूनच मिळवावा लागतो. हिरव्या पानात हिरव्याखाली पिवळी रंगद्रव्यं दडलेली असतात. पान सुरवंट खातो, सुरवंट हळद्या खातो, आणि पानातलं ते पिवळं थोडं बदलून पिसात उतरतं. फळांतूनही ते मिळतं. म्हणजे ज्या झाडात तो लपतो, त्याच झाडाचा रंग त्याच्या अंगावर असतो.

आता घरटं. पुष्कळ पक्षी फांदीच्या बेचक्यावर घरटं टेकवतात. हळद्या ते बेचक्यात टांगतो. फांदीच्या अगदी टोकाकडे, जिथे दोन बारीक डहाळ्या फुटतात, तिथे सालीचे लांब धागे आणि गवताच्या काड्या तो एका डहाळीवरून दुसऱ्या डहाळीला गुंडाळत नेतो, आणि मधे खोलगट वाटी लोंबकळत ठेवतो. लहान बाळाची झोळी दोन खांबांना बांधतात, तसंच ते दिसतं. धागे घट्ट बसावेत म्हणून कोळ्याची जाळी वापरतो. एकदा दुर्बिणीतून हे काम जवळून पाहायला मिळालं. चोचीत जाळ्याचा पुंजका धरून मादी आली, तो डहाळीवर दाबला, मग मान डहाळीखालून पलीकडे नेली, सुटं टोक पकडलं, वर ओढलं, परत दाबलं. मग वाटीत बसून छाती चारही बाजूंनी रेटत तिला गोलाई दिली. हाताशिवाय, फक्त चोच आणि छाती.

टोकाची फांदी निवडण्यात मोठा शहाणपणा आहे. तिथपर्यंत जड प्राणी पोचत नाही. पण वळवाच्या आधी इथे जी आंधी सुटते, तिच्यात तीच फांदी हात-हात वरखाली होते. वाटी खोल असते ती याचसाठी. अंडी बाहेर उसळत नाहीत. तरी कावळा, टकाचोर आणि शिक्रा यांचं भय राहतंच, आणि त्यावर हळद्याने शोधलेला उपाय विलक्षण आहे. तो पुष्कळदा कोतवालाच्या घरट्याजवळ, कधी त्याच झाडावर, आपलं घरटं बांधतो. कोतवाल हा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा, आपल्याहून कितीतरी मोठ्या घारीवरही तुटून पडणारा पक्षी. त्याच्या पहाऱ्यात हळद्याची पिल्लं वाढतात. म्हणून मे-जूनमध्ये कोतवाल एखाद्या झाडाभोवती कावळ्यांना पिटाळताना दिसला, की मी आधी त्याच झाडाच्या बाहेरच्या फांद्या दुर्बिणीने न्याहाळते.

घरट्यांचा अभ्यास या भागाला नवा नाही, फक्त त्याची जुनी तऱ्हा वेगळी होती. १८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांनी रायपूरच्या पूर्वेला फुलझरच्या बाजूला, म्हणजे आजच्या महासमुंद जिल्ह्यात, एक छोटं घुबड मिळवलं. पक्षीतज्ज्ञ ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी पुढच्याच वर्षी त्याला ब्लेविटचं नाव दिलं. तोच आपला रानपिंगळा. तो शतकभर हरवला आणि १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. शोधणाऱ्यांत त्याच रासमुसेन होत्या. ह्यूम यांच्या भारतीय पक्ष्यांच्या घरटी-अंड्यांवरच्या ग्रंथात ब्लेविट यांच्या कितीतरी नोंदी आहेत. त्या काळात घरटं समजून घ्यायचं म्हणजे ते फांदीसकट उतरवायचं आणि अंडी फुंकून पेटीत ठेवायची. १८९२ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी अंड्यांसह घरट्याचं छायाचित्र घेतलं आणि जागेवरून न हलवताही घरटं घरी आणता येतं हे दाखवून दिलं. ही खरोखर मोठी क्रांती होती.

पण कॅमेरा अंड्याला हात लावत नाही, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. जुने छायाचित्रकार घरट्याआड येणारी पानं बांधून बाजूला करत, आणि आजही कुणीकुणी डहाळ्या सरळ छाटतात. रायपूरच्या मे महिन्यात ती पानं म्हणजे छप्पर आहे. ती हटली की थेट ऊन अंड्यांवर येतं, आणि माणूस जवळ उभा असल्यामुळे पक्षी परतत नाही. फोटो उत्तम येतो आणि घरटं संपतं. कावळेही बघत असतात. माणसं जिथे वर बघत उभी राहतात, तिथे काय आहे हे त्यांना बरोबर कळतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यात तर ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं येतं. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

मग पाहायचं कसं? अंतर किती ठेवायचं याचं मोजमाप पक्षीच देतो. चोचीत सुरवंट घेऊन आलेला हळद्या घरट्यावर न जाता शेजारच्या फांदीवर थांबला, शेपूट हलवत कर्कश ओरडू लागला, तर आपण फार जवळ आहोत. मागे सरायचं, इतकं की तो आपल्याला विसरून जाईल. ४००-६०० मिलिमीटरची लेन्स असेल तर गच्चीवरून किंवा उभ्या गाडीतून काम होतं. फ्लॅश नको, ड्रोन नको, मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवणं तर अजिबात नको. सकाळी लवकर जायचं आणि ऊन चढायच्या आत निघायचं. घरट्याची जागा कुणालाही सांगायची नाही.

नवख्या छायाचित्रकाराला हळद्या आणखी एका बाबतीत चकवतो. हिरव्या-काळ्या पानांचा अंधार बघून कॅमेरा उजेड वाढवतो, आणि पिवळी छाती जळून जाते. एकही पीस वेगळं दिसत नाही. मीटर सांगेल त्यापेक्षा थोडा कमी उजेड द्यावा, मग पिसांच्या कडा दिसू लागतात.

इतक्या लांबूनही पुष्कळ दिसतं. नर आणि मादी दोघंही भरवायला येतात. पिल्लू गिळतं, लगेच वळतं, बूड वर करतं, आणि पांढऱ्या चकचकीत पातळ आवरणात बांधलेली विष्ठा बाहेर येते. पालक ती चोचीत अलगद धरून दूर नेतात, नाहीतर तिथेच खाऊन टाकतात. घरट्यात घाण नाही, खाली पांढरे डाग नाहीत, म्हणजे शत्रूला माग नाही. नुसत्या या पुडीचं घेणंदेणं पाहताना माझी सकाळ निघून जाते.

नौतपाचे रणरणते दिवस सरतात, जूनच्या मध्याला पाऊस येतो, झाडं सुरवंटांनी भरतात. घरट्याबाहेर पडलेली पिल्लं छातीवर रेघा असलेली, मळकट पिवळी असतात. ती फांद्यांवर बसून सारखी मागत राहतात, आणि आईबाप त्यांच्यामागे उघड्यावर येतात. ढगाळ उजेड मऊ असतो, पिवळा रंग जळत नाही, आणि उघडं पडायला आता अंडीही नसतात. माझे हळद्याचे बहुतेक चांगले फोटो याच दिवसांतले, जुलैच्या पावसातले आहेत.