बँटमला दोन इंच

सहा फुटी माणूस बीएसए बँटमवर बसला की त्याचे गुडघे पार हँडलजवळ येतात. गाडीचा त्यात काही दोष नाही. १९४८ साली बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याने ती आणली, तेव्हा युद्धातून बाहेर पडणाऱ्या इंग्लंडला स्वस्त, हलकी, कमी पेट्रोल पिणारी मोटारसायकल हवी होती. १२३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, दोन चाकांमध्ये जेमतेम ५० इंच. तारा पोहोचवणारी ब्रिटिश टपाल खात्यातली पोरं लाल रंगाच्या बँटमवर गावभर फिरत. पोरांच्या अंगाला ती बरोबर बसली. आज तीच गाडी हौसेने बाळगणाऱ्या उंच माणसाला मात्र ती अपुरी पडते, आणि घरामागच्या शेडमध्ये तिच्याकडे बघता बघता एक दिवस त्याच्या मनात येतं: फ्रेम दोन इंच वाढवली तर?

बँटमचा आराखडा मुळात जर्मन. हेरमान वेबर या अभियंत्याची डीकेडब्ल्यू आरटी १२५. युद्धात हरलेल्या जर्मनीकडून भरपाई म्हणून तिची रेखाटनं इंग्रजांकडे आली. बीएसएने इंजिन आरशात पाहावं तसं उलटं केलं, म्हणजे गिअरचा दांडा इंग्रजी सवयीप्रमाणे उजव्या पायाखाली आला. हार्लेने डीकेडब्ल्यूच्या याच गाडीवरून आपली १२५ काढली, रशियात मॉस्कोची एम१ए निघाली, १९५५ साली यामाहाची पहिली मोटारसायकल वायए-१ निघाली. इतक्या देशांनी जिची नक्कल केली, त्या मांडणीला करवत लावायची म्हणजे आधी ती नीट समजून घ्यायला हवी.

पहिला प्रश्न लांबी कुठे घालायची हा. इथेच बहुतेकांची गफलत होते. मागचं चाक धरणारा स्विंगआर्म लांब करणं सोपं असतं, म्हणून हात आधी तिकडे जातो. पण बसण्याची ऐसपैस जागा ठरते सीट, फूटरेस्ट आणि हँडल या तीन बिंदूंच्या त्रिकोणावरून. मागचं चाक दोन इंच मागे सरकवलं तरी हा त्रिकोण तसूभरही बदलत नाही. गाडी लांब होते आणि गुडघे होते तिथेच राहतात. गुडघ्यांना जागा हवी असेल तर हँडलचा दांडा ज्यात फिरतो ती पुढची जाड नळी, म्हणजे हेड, पुढे न्यावं लागतं.

ते न्यायचं तर वरची नळी कापायची आणि इंजिनाखालून जाणारी खालचीही कापायची. दोन्हीकडे वाढ अगदी सारखी हवी. वर दोन इंच आणि खाली जरा कमी असं झालं की हेड पुढे कलंडतं. फोर्कचा कोन एका अंशाने बदलला तर अशा चाकाला ट्रेल साधारण ६ मिलिमीटरने बदलतो. हँडल सोडलं तर चाक आपोआप सरळ होण्याची जी ओढ असते, ती या ट्रेलमुळे. ट्रेल वाढला तर सावकाश वळताना हँडल जड लागतं, फार कमी झाला तर वेगात गाडी अस्थिर होते. शिवाय हेड पुढे गेलं की बसणाऱ्याच्या वजनातला पुढच्या चाकावरचा वाटा घटतो. म्हणून मला वाटतं, दोन इंचांवर थांबावं. त्याहून जास्त हवं असेल त्याने गाडी बदलावी.

मागे लांबी घालायचीच असेल, म्हणजे १९५६ नंतरच्या स्विंगआर्मवाल्या बँटमला, तर मोजमाप चेनवरून ठरवावं. अर्धा इंच पिचच्या चेनमध्ये कड्या जोडीने वाढवाव्या लागतात, आणि एका जोडीने चाक बरोबर अर्धा इंच मागे जातं. दोन इंचांना आठ कड्या. अधल्यामधल्या मापाला तिरपी अर्धी कडी घालावी लागते, आणि चेनची सगळ्यात कच्ची जागा तीच. ब्रेकचा रॉडही तेवढाच वाढवावा लागतो. शॉकअपचं गणित मात्र सहज ध्यानात येत नाही. ४०० मिलिमीटरचा आर्म ४५० केला आणि शॉकअप जागेवरच ठेवला, तर स्प्रिंग चाकापाशी सुमारे एकवीस टक्क्यांनी मऊ होते. कारण परिणाम वर्गाने पडतो.

करवत उचलण्याआधी आपल्याकडे आणखी एक विचार करावा लागतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज नंबर मिळतो, पण ती मूळ रूपात असेल तरच. चेसिस बदलली की तो हक्क गेला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तर अशा बदलालाच आडवं येतं. म्हणून अस्सल, पूर्ण गाडी कापू नये असं माझं ठाम मत आहे. आधीच गंजून तुटलेली, कुणी तरी वेडीवाकडी जोडलेली फ्रेम घ्यावी, आणि तीही रस्त्यावर न्यायची नाही हे धरून.

आता प्रत्यक्ष काम. जाड लोखंडी चॅनलचा साचा करायचा आणि कापण्याआधीच फ्रेम त्यात बोल्टने आवळायची. हेडमधून एक सळई, मागच्या अॅक्सलच्या जागी दुसरी. पाणसळ, ओळंबा आणि गुण्या लावून सगळं लिहून ठेवायचं. आरपार दोरी ताणून मधली रेघ चॅनलवर खोल कोरायची, कारण खडूची पुसली जाते. मागचं चाक एका अंशाने जरी कललं, तरी त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेत एक सेंटिमीटरची तफावत पडते, आणि ती चालवणाऱ्याला प्रत्येक वळणावर जाणवते.

नळीच्या आत बसणारा पोकळ तुकडा लेथवर वळवून घ्यायचा. हलक्या हाताने ठोकला की आत सरकेल इतपत घट्ट, आणि कापाच्या दोन्ही बाजूंना निदान नळीच्या व्यासाएवढा आत जाणारा. त्याची टोकं सरळ कापायची नाहीत, माशाच्या तोंडासारखी तिरपी ठेवायची, म्हणजे नळीतला ताण एकाच वर्तुळावर साचत नाही. वरून भोकं पाडून त्यातूनही तो वेल्डने धरायचा. बँटमची फ्रेम वेल्ड केलेली आहे, हे नशीब. त्या काळच्या कित्येक इंग्रजी गाड्यांचे सांधे लगमध्ये, म्हणजे नळ्या आत बसवायच्या जोडतुकड्यात, पितळेची झाळ देऊन केलेले असत. पितळाचा अंश राहिलेल्या जागी वेल्ड मारला की तो आतून तडकतो.

आधी फक्त टॅक मारायचे, समोरासमोर. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळी आपल्या बाजूला खेचून घेतो. म्हणून एक इंच इकडे, एक इंच तिकडे, मध्ये हात थांबवायचा आणि दोरी पुन्हा ताणून बघायची. पाणी ओतून थंड करायचं नाही. नळी हाताला गार लागेपर्यंत साच्याचे बोल्टही सोडायचे नाहीत. अर्ध्या दिवसाचं वेल्डिंग या थांबण्यामुळे दोन दिवस चालतं, आणि ते चालू द्यावं.

बोल्ट सोडताना काळजात धस्स होतं. फ्रेम साच्यातून थोडी उसळते की जागच्या जागी राहते, यावर सगळं अवलंबून. दोरी कोरलेल्या रेघेवर पडली तर पुढचं काम. नाही पडली तर सांधा कापून पुन्हा पहिल्यापासून. तापवून, दांड्याने वाकवून सरळ केलेली फ्रेम मी तरी वापरणार नाही.

रंग एवढ्यात लावायचा नाही. इंजिन, चाकं चढवून गाडी बंद आवारात काही दिवस चालवायची, खड्ड्यांवरूनही. मग सांध्यांना रॉकेल चोपडायचं, तासाभराने कोरडं पुसायचं आणि वर खडूचा पातळ लेप फासायचा. कुठे केसाएवढी जरी चीर असली, तरी आत मुरलेलं रॉकेल पांढऱ्यावर काळसर रेघ उमटवतं. वरच्या नळीचा सांधा, खालच्या नळीचा, मग हेडच्या मागची जागा, असं बॅटरीच्या उजेडात एकेक बघत जायचं. सगळं पांढरंशुभ्र राहिलं, तरी आठवडाभराने तेच पुन्हा करायचं, आणि मगच रंगाचा डबा उघडायचा.