भंगाराचं पुढे काय? (भाग ६) : धुराड्यात अडकलेलं जस्त

गेल्या भागात भट्टीत पोलादावर तरंगणारा स्लॅग पाहिला. आज धुराड्याकडे वळू, कारण जस्त तिथेच सापडतं.

कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसलं की वाटेत वाशिंद लागतं. तिथल्या जेएसडब्ल्यूच्या कारखान्यात जी.आय. पत्रा तयार होतो. पोलादाची पट्टी साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वितळलेल्या जस्तातून ओढून काढतात. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त धरलं, तर दहा फूट बाय तीन फुटांच्या पत्र्यावर सुमारे ३३५ ग्रॅम बसतं. अर्धा मिलिमीटर जाडीचा हा पत्रा अकराएक किलो भरतो, म्हणजे वजनात तीन टक्के जस्त. चाळीचं छप्पर उतरलं की तो भंगारात लोखंडाच्या भावाने जातो. जस्त लोखंडाहून कितीतरी महाग, पण त्याचा हिशेब काट्यावर होत नाही.

ठाणेकरांना पोलादाची भट्टी म्हटली की कळव्याचं मुकंद आठवतं. अशा विजेच्या भट्टीत पोलाद १,६०० अंशांच्या आसपास असतं आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. त्यामुळे ते पोलादात राहत नाही. वाफ होऊन वर जातं, हवेशी संयोग पावून ऑक्साइड होतं आणि बॅग फिल्टरच्या कापडी पिशव्यांत तपकिरी धूळ म्हणून साचतं. टनभर पोलादामागे अशी १० ते २० किलो धूळ निघते. भंगारात जी.आय. जास्त असेल तर धुळीत पाचव्या हिश्शाहून अधिक जस्त असतं. सोबत शिसं आणि कॅडमियमही असतं, म्हणून ती घातक कचऱ्यात मोडते. नुसती पुरली तर पैसाही गाडला जातो आणि धोकाही.

मग आम्लात विरघळवून जस्त काढून घ्यावं, असं कुणालाही वाटेल. अडचण अशी की त्यातला मोठा भाग लोखंडाशी जखडून झिंक फेराइट झालेला असतो आणि ते साध्या विरळ आम्लाला फारशी दाद देत नाही. पुन्हा भट्टीत टाकावी, तर जस्त परत धुराड्यातच येतं. डोलवीसारख्या ठिकाणच्या झोतभट्ट्यांत तर ते वरच्या थंड भागात जमून आतल्या विटांना इजा करतं.

जगभर रुळलेला उपाय म्हणजे वेल्झ भट्टी : किंचित उतरती, सावकाश फिरणारी लांबलचक नळी. धूळ, कोकची भुकटी आणि चुना किंवा वाळू यांच्या गोळ्या तिच्यात घालून १,१०० ते १,२०० अंशांपर्यंत तापवतात. कोकमधला कार्बन ऑक्सिजन काढून घेतो, फेराइट मोडतं आणि जस्ताची वाफ सुटते. वरच्या हवेत ती लगेच जळून पुन्हा ऑक्साइड होते आणि पुन्हा फिल्टरमध्येच पकडली जाते. पण आता त्यात ५५ ते ६५ टक्के जस्त असतं. क्लोराइड धुऊन काढलं की हा माल जस्ताच्या कारखान्याला चालतो.

कृती जुनी आणि खात्रीची आहे, फक्त तिला भरपूर धूळ लागते. जालन्यातल्या इंडक्शन भट्ट्यांसारख्या विखुरलेल्या भट्ट्यांची धूळ गोळा करून एका जागी नेणं, हे मला रसायनशास्त्रापेक्षा अवघड काम वाटतं.

त्यामानाने गॅल्व्हनायझिंगच्या, म्हणजे पत्र्याला जस्ताचा लेप देण्याच्या, कढईवरची राख सोपी. तिला धंद्यात झिंक ॲशच म्हणतात. बॉल मिलमध्ये दळून चाळली की धातूचे कण वर राहतात, ते वितळवता येतात. खालची भुकटी गंधकाच्या आम्लात घालून झिंक सल्फेट करतात. मात्र २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार हा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही.

हेच झिंक सल्फेट भातशेतीत लागतं. भाताच्या पानांवर तांबूस ठिपके आणणारा ‘खैरा’ जस्ताच्या कमतरतेने होतो, हे डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये पंतनगरला दाखवून दिलं. खताच्या पोत्यात २१ टक्के जस्त हवं, आणि शिसं-कॅडमियमवर खत नियंत्रण आदेशाची मर्यादा आहे. राखेतून आलेले हे दोन्ही धातू द्रावणात जस्ताची भुकटी टाकून खाली बसवतात. ही पायरी गाळली तर खर्च वाचतो आणि शिसं वावरात जातं.

पुढच्या भागात : वेल्झ भट्टीतून उरणारी लोखंडाची मळी.