कडी उचलली जाते तेव्हा

जानेवारीतली सकाळ, पावणेसातची वेळ. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात दारांच्या कड्यांना दुधाच्या पिशव्या लटकल्यात, पहिल्या पाळीची माणसं स्टेशनकडे निघालीत. आपला दिवस सुरू झाला. कायद्याच्या लेखी मात्र अजून रात्रच आहे. या दिवसांत मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास, आणि घरात घुसलेल्या चोराला किती जोराने अडवावं हे ठरवताना फौजदारी कायदा चक्क सूर्याकडे बघतो. जूनमध्ये याच पावणेसातला लख्ख दिवस असतो!

भारतीय न्याय संहितेच्या 41व्या कलमानुसार सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी होत असेल, तर बचावाचा हक्क चोराचा जीव जाण्यापर्यंत पोहोचू शकतो. भरदुपारी तीच कडी उचकटली तर नाही. तेव्हा चोर जबरी चोरी करत असेल, घर पेटवत असेल, किंवा आपल्या जिवाची वा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, तरच. संहिता 1 जुलै 2024 पासूनची, पण तरतूद 1860च्या दंड संहितेतली. आणि रात्रीच्या चोराला वेगळं मोजायची रीत तर थेट प्राचीन रोमच्या बारा पाट्यांवरच्या कायद्यातही होती. मला त्यामागे अंधारातल्या माणसाची अवस्था दिसते. समोरच्याच्या हातात काय आहे, मागे आणखी किती जण आहेत, काहीच कळत नाही.

घरफोडीला भिंत फोडावी लागत नाही. दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलली, घरफोडी. तुमची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने कुलूप उघडलं, तीही घरफोडी. हेतू गुन्ह्याचा असेल तर अख्खं शरीर आत यायचीही गरज नाही. नुसता हात आत आला तरी तो प्रवेशच. आणि बचावाचा हा हक्क फक्त घरमालकाचा नाही. भाडेकरूचा आहे, शेजाऱ्याच्या घरासाठी धावून गेलेल्या माणसाचाही आहे.

पण या हक्काला आयुष्य थोडं. पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तर तो जन्मालाच येत नाही. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा रात्रीही नाही. रात्रीच्या घरफोडीत चोर घरात आहे तोवरच हा हक्क जिवंत. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या माणसाने, एका जमिनीच्या वादातल्या खटल्यात हे स्वच्छ मांडलं: संकटात सापडलेल्या माणसाच्या भावना समजून घ्यायला हव्यात, पण धोका टळला की हक्कही संपला. म्हणून चाळीत पकडलेल्या, खांबाला बांधलेल्या पोराला बाराजण बडवतात तेव्हा त्यांच्यातल्या एकाच्याही पाठीशी हे कलम उभं नसतं. ती मारहाण म्हणजे सरळ गुन्हा आहे, आणि ती थांबवायला कुणीतरी मध्ये पडलंच पाहिजे.

सापळ्याचंही तसंच. बिहारमध्ये एकाने आपल्या संडासाच्या वाटेवर, कुणी येऊ नये म्हणून, वीज सोडलेली उघडी तार लावली. शेजारची बाई तिला चिकटून गेली. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा बचावाचा दावा साफ नाकारला. समोर कोण आहे हे तारेला कुठे कळतं?

माझ्या मते सगळ्यात विलक्षण जागा संहितेच्या 36व्या कलमात आहे. तिथे एक छोटं उदाहरण दिलंय. एक माणूस रात्री अशा घरात शिरतो जिथे शिरायचा त्याला पूर्ण हक्क आहे. घरातला माणूस सद्भावनेने त्याला चोर समजतो आणि हल्ला करतो. गुन्हा? नाही. आणि आत आलेला माणूस स्वतःला वाचवायला उलटा प्रतिकार करतो, तर? त्याचाही नाही. एकाच काळोखात दोघं भिडलेत आणि दोघंही निर्दोष आहेत.

हे उदाहरण आमच्याकडे आणून बघा. दुसरी पाळी लांबलेली, मुलगा रात्री दीडला परततोय. किल्ली विसरलाय, म्हातारीची झोप मोडायला नको म्हणून फटीतून तार घालून हळूच कडी उचलतोय. आत बाप जागा होतो, हाताला लाटणं लागतं. इथे ‘सद्भावना’ या शब्दाला वजन येतं, कारण कायद्यात सद्भावनेचा अर्थ आहे, योग्य ती काळजी आणि सावधगिरी घेऊन केलेली कृती. दिव्याचं बटण हाताशी असेल तर ते दाबणं. लाटणं उगारण्याआधी एकदा तरी, “कोण आहे रे?”